शिलेदार, बारगीर आणि धुरकरी : शंकरपटातील उत्तरदायित्वाचा एक ऐतिहासिक विचार

१

वऱ्हाडात सुगी आटोपली, कापूस घरात अगर बाजारात गेला, म्हणजे शंकरपटाचे दिवस सुरू होतात. गावाबाहेरच्या मोकळ्या रानात सरळ व सपाट पट्टा तयार करावयाचा, त्यावर हलक्या छकड्याला जुंपलेली बैलजोडी पळवावयाची आणि कमीत कमी वेळात पल्ला गाठणाऱ्या जोडीला इनाम द्यावयाचे, असे या खेळाचे स्थूल स्वरूप आहे. अमरावती जिल्ह्यातील तळेगाव दशासर येथील पट विशेष प्रसिद्ध असला, तरी बुलढाणा जिल्ह्यालाही हा खेळ परका नाही. घाटावरच्या चिखली-मेहकराकडे काय किंवा घाटाखालच्या मलकापूर-खामगावाकडे काय, पटाची जोडी कोणती आणि शेताची कोणती, हे गावकऱ्यांना सांगावे लागत नाही.

या खेळासंबंधी गेल्या दीड दशकात पुष्कळ वाद झाला. एका पक्षाने परंपरेचा आधार घेतला, दुसऱ्याने क्रौर्याकडे बोट दाखविले. बैल हा धावण्यासाठी घडलेला प्राणी आहे की नाही, यावर न्यायालयांतून युक्तिवाद झाले. हे सर्व विचार महत्त्वाचे आहेतच. परंतु त्यांच्या गर्दीत एक प्रश्न काहीसा मागे पडला. पटात जनावराला इजा झाली, तर तिचे उत्तर कोणी द्यावयाचे? छकड्यावर बसून जोडी हाकणाऱ्याने, जोडीच्या मालकाने, पट भरविणाऱ्या मंडळाने, की परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने?

हा प्रश्न केवळ बैलांपुरता नाही. इंग्लंड व आयर्लंड येथील अडथळ्यांच्या घोडशर्यतींत तो दीर्घ काळ चर्चिला गेला आहे आणि मराठ्यांच्या घोडदळाच्या व्यवस्थेत त्याचे एक जुने रूप आढळते. ही तीन उदाहरणे शेजारी शेजारी ठेवली असता शंकरपटाच्या प्रश्नावर काही प्रकाश पडतो असे वाटते. प्रस्तुत लेखात तो प्रयत्न केला आहे.

२

प्रथम शब्दांकडे पाहू. ‘शंकरपट’ या समासातील ‘पट’ म्हणजे धावण्याचा पट्टा. ‘शंकर’ या पदाचा संबंध लोक नंदीशी जोडतात. जोडी हाकणाऱ्याला वऱ्हाडात ‘धुरकरी’ म्हणतात. धुर अथवा धुरा म्हणजे गाडीचा जुवाकडील पुढचा भाग. त्यावर बसतो तो धुरकरी. मूळ संस्कृत ‘धुर्’ या शब्दापासून मराठीत एक मोठे कुटुंब निर्माण झाले आहे. धुरंधर, धुरीण, धुरा वाहणे, धुरा सांभाळणे हे सारे त्याच घरचे शब्द होत. यांपैकी ‘धुरंधर’ हा शब्द संस्कृतात जू वाहणाऱ्या बैलालाही लावला जातो. म्हणजे ओझे वाहण्याचा जो गुण प्रथम जनावराचा होता, तो पुढे कर्तबगार माणसाचा झाला आणि ‘धुरा’ या शब्दाला जबाबदारीचा अर्थ चिकटला. धुरकऱ्याच्या नावात हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात.

धुरकऱ्याच्या हातातील काठीला देशावर पराणी म्हणतात, वऱ्हाडात तुतारी. इतरत्र तुतारी म्हणजे फुंकावयाचे वाद्य. वऱ्हाडी शेतकऱ्याची तुतारी मात्र बैल हाकण्याची, टोकाला आर म्हणजे लोखंडी अणकुची असलेली काठी होय. पराणी या शब्दाचा संबंध संस्कृत ‘प्राजन’ या शब्दाशी जोडला जातो. प्राजन म्हणजे हाकण्याचे साधन आणि ‘प्राजक’ म्हणजे हाकणारा. याच अर्थाचा दुसरा संस्कृत शब्द ‘प्रतोद’. तो आज मराठीत विधिमंडळातील पक्षाच्या प्रतोदासाठी राखून ठेवला गेला आहे आणि बैलाशी असलेला त्याचा संबंध बहुतेकांच्या स्मरणातून गेला आहे.

या प्राजकाविषयी मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात एक मार्मिक भेद केलेला आहे. हाकणाऱ्याच्या अकुशलतेमुळे गाडी भलतीकडे गेली व हानी झाली, तर दंड गाडीच्या मालकाला. कारण अकुशल माणसाच्या हाती कासरा देण्याचा दोष त्याचा. हाकणारा कुशल असेल, तर मात्र दंड खुद्द हाकणाऱ्याला. आणि हाकणारा अकुशल आहे हे ठाऊक असूनही जे गाडीत बसले, त्यांनाही प्रत्येकी दंड सांगितला आहे. या नियमांचा रोख मुख्यतः गाडीमुळे इतरांना होणाऱ्या इजेकडे आहे, जनावराच्या सुखदुःखाकडे नव्हे, हे लक्षात ठेवले पाहिजे. तथापि त्यामागील तत्त्व आपल्या विषयाला जवळचे आहे. हाकणाऱ्याचे कौशल्य जितके अधिक, तितके त्याचे उत्तरदायित्व अधिक. आणि ज्याने त्याला नेमले, तोही सर्वस्वी सुटत नाही.

जनावराच्या जिवाविषयीचे उत्तरदायित्व कौटिल्याने अश्वाध्यक्षाच्या प्रकरणात सांगितले आहे. उपचारातील अगर औषधातील दोषामुळे घोड्याचा रोग वाढला, तर अश्ववैद्याने उपचाराच्या खर्चाच्या दुप्पट दंड द्यावा आणि घोडा दगावला, तर त्याची किंमत भरावी, असा तेथे नियम आहे. घोडा राजाचा, वैद्य पगारी. म्हणून नियमाची गरज. ही गोष्ट पुढील विवेचनात पुन्हा उपयोगी पडेल.

३

आज बुलढाणा जिल्हा बैलांच्या आणि कपाशीच्या संदर्भात ओळखला जात असला, तरी त्याच्या इतिहासात घोड्याला मोठे स्थान आहे. सिंदखेडराजा हे लखुजी जाधवरावांचे ठाणे व जिजाबाईंचे जन्मस्थान. निजामशाहीतील या मातब्बर सरदार घराण्याचे बळ घोडदळावरच उभे होते. याच परिसरातील साखरखेर्डा येथे १७२४ च्या ऑक्टोबरात निजाम-उल्-मुल्क व मुबारिजखान यांच्यात लढाई झाली, मुबारिजखान मारला गेला आणि दक्षिणेत निजामाच्या सत्तेचा पाया घातला गेला. ही सर्व घोड्याच्या पाठीवरची राजकारणे होत.

मराठी घोडदळात स्वारांचे दोन वर्ग असत, हे सर्वश्रुत आहे. शिलेदार स्वतःचा घोडा व स्वतःचे हत्यार घेऊन चाकरीस येई. बारगीर हा पागेतला, म्हणजे सरकारी घोड्यावर बसणारा. दोन्ही शब्द फारसीतून आले. शिलेदार म्हणजे हत्यार बाळगणारा. त्याच्या नावात मूळचा अरबी ‘सिलाह’ हा शब्द आहे. बारगीर या शब्दाचा फारसीतील अर्थ ओझे घेणारा, म्हणजेच ओझ्याचे जनावर अगर घोडा असा आहे. मराठीत ते नाव घोड्यावरून उतरून स्वाराला लागले. ‘धुरंधर’ या शब्दाच्या बाबतीत जे झाले, तेच येथेही झाले. भार वाहणाऱ्याचे नाव भार टाकणाऱ्याकडे गेले.

उत्तरदायित्वाच्या दृष्टीने या दोन वर्गांत मोठे अंतर आहे. शिलेदाराचा घोडा मेला, तर नुकसान त्याचे स्वतःचे. त्याला घोडा जपण्याविषयी कोणी आज्ञा करण्याचे कारण नव्हते. उलट तो घोडा फारच जपतो, ऐन प्रसंगी धोक्यात घालीत नाही, अशी तक्रार होत असे. बारगिराची गोष्ट निराळी. घोडा दुसऱ्याचा, लौकिक मात्र स्वाराचा. त्यामुळे बारगिरांच्या पागेभोवती देखरेखीची सगळी यंत्रणा उभी करावी लागली. सभासदाने आपल्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार आणि दर पंचवीस घोड्यांमागे पाण्यासाठी एक पखालजी व एक नालबंद. नाल निघाली अगर पाणी मिळाले नाही, तर विचारावयाचे कोणाला, हे त्या रचनेतच ठरलेले होते.

राज्याभिषेकाच्या सुमारास महाराजांनी चिपळूणनजीकच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार व कारकून यांना लिहिलेले पत्र या बाबतीत फार महत्त्वाचे आहे. रयतेला उपद्रव देऊ नये, ही त्यातील आज्ञा सर्वांना माहीत आहे. परंतु त्या पत्राचा मोठा भाग घोड्यांच्या दाण्यावैरणीविषयी आहे. साठवलेला दाणा व गवत आताच मनमानी उधळले, तर भर पावसाळ्यात घोड्यांना उपास पडतील व घोडी मरू लागतील. आणि तसे झाले म्हणजे ती घोडी तुम्हीच मारली असे होईल, असा त्याचा आशय आहे. गवताच्या गंजींजवळ दिवा अगर विस्तव राहू नये, याविषयीही त्यात बारकाईने बजावले आहे. येथे महाराज घोड्याला मारणाऱ्या हाताचा शोध घेत नाहीत. चाबूक कोणी मारला, हा प्रश्नच नाही. ज्याच्या हयगयीमुळे जनावर मरेल, त्यानेच ते मारले असे समजावे, हे तत्त्व त्यांनी स्पष्ट शब्दांत मांडले आहे. जनावरांविषयीच्या उत्तरदायित्वाचा मराठीत इतका नेमका उच्चार त्यापूर्वी झालेला प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात नाही.

आता या दोन वर्गांच्या दृष्टीने आपल्या शेतकऱ्याकडे पाहू. वऱ्हाडातील पारंपरिक शेतकरी हा बैलाच्या बाबतीत शिलेदार होता. जोडी त्याची, हाकणारा तो आणि जोडी निकामी झाली तर पुढील हंगाम बुडणार तोही त्याचाच. १८७० मध्ये खामगावला रेल्वेचा फाटा आला व तेथील कापसाच्या पेठेला मोठा उठाव मिळाला. घाटावरून कापसाच्या गाड्या खाली उतरू लागल्या. भरलेली गाडी घाट उतरवताना हाकणाऱ्याचे कसब बैल पिटाळण्यात नसते, ते आवरण्यात असते. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलाचे खांदे शेकून त्यांना तूप-हळद लावण्याची जी रीत आहे, तीही हेच सांगते. वर्षभर जू वाहिलेल्या खांद्याचे देणे मालक त्या दिवशी कबूल करतो. हौसेचा पट त्या काळीही होत असे. मात्र पटात पळालेली जोडी पुढे औताला जुंपावयाची असे. अतिरेकाला एवढा एक लगाम आपोआप होता.

हा लगाम आता सैल झाला आहे. पेरणी-नांगरणी मोठ्या प्रमाणात ट्रॅक्टरने होऊ लागली आणि पटाचा बैल शेताच्या बैलापासून वेगळा निघाला. त्याचा खुराक वेगळा, सराव वेगळा, किंमत वेगळी. अनेक ठिकाणी जोडी एकाची व धुरकरी दुसरा, असे दिसते. नावाजलेल्या धुरकऱ्याला निरनिराळे मालक आपली जोडी हाकावयास बोलावतात. म्हणजे धुरकरी हा शिलेदार होता तो बारगीर झाला. मात्र बारगिराभोवती जी पागेची व्यवस्था असावयास हवी, ती त्याच्याभोवती आली नाही. माझ्या मते शंकरपटाच्या आजच्या प्रश्नाचे मूळ बैलाच्या धावण्यात जितके आहे, त्याहून अधिक या स्थित्यंतरात आहे.

४

घोडशर्यतीचा जॉकी हा तर पहिल्यापासूनच बारगीर आहे. घोडा मालकाचा, त्याची तयारी करून घेणारा प्रशिक्षक वेगळा आणि जॉकी काही मिनिटांपुरता स्वार. ‘जॉकी’ हा शब्द मुळात ‘जॉक’ या सामान्य पुरुषनामाचे लाडके रूप आहे. इंग्रजीत तो प्रथम घोड्यांच्या दलालाला लावला जाई आणि त्या शब्दापासून फसवून डाव साधणे या अर्थाचे क्रियापदही निघाले. ज्या धंद्याच्या नावातच अविश्वास मुरलेला आहे, तेथे देखरेखीचे नियम लवकर झाले याचे नवल नाही. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी भायखळ्यास व पुढे महालक्ष्मीस ज्या घोडशर्यती सुरू झाल्या, त्यांनी हीच इंग्रजी पद्धत उचलली. परवानाधारक जॉकी, निकालावर चौकशी करणारे पंच आणि नियम मोडल्यास परवाना काही काळ काढून घेण्याची शिक्षा, ही तिची अंगे होत. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने घोडशर्यत हा कौशल्याचा खेळ असल्याचा निर्णय दिला, तेव्हा घोड्याच्या वेगाबरोबर स्वाराचे नैपुण्यही विचारात घेतले गेले. मनुस्मृतीचा तो भेद येथे आठवावा. कौशल्याचे श्रेय घ्यावयाचे, तर दोषही पत्करला पाहिजे.

अडथळ्यांच्या शर्यतीत हा प्रश्न अधिक तीव्र होतो. कारण तेथे घोडा नुसता धावत नाही, तर कुंपणे व खंदक ओलांडतो आणि पडला तर बहुधा जबर जखमी होतो. या शर्यतीचा उगम आयर्लंडातील कॉर्क परगण्यात १७५२ मध्ये झाला असे परंपरा सांगते. एका गावच्या चर्चच्या मनोऱ्यापासून दुसऱ्या गावच्या मनोऱ्यापर्यंत, मधली शेते व कुंपणे ओलांडीत दोघा स्वारांनी घोडे पळविले. त्यावरून तिला मनोऱ्याची शर्यत असे नाव पडले. लिव्हरपूलजवळील एन्ट्री येथे १८३९ पासून धावली जाणारी ग्रँड नॅशनल ही तिची सर्वांत प्रसिद्ध आवृत्ती होय. सव्वाचार मैलांहून अधिक अंतर व तीस उड्या असलेल्या या शर्यतीत घोडे मेल्यामुळे ब्रिटनमध्ये वारंवार लोकक्षोभ झाला आहे.

तेथील सुधारणांचा क्रम अभ्यासण्यासारखा आहे. त्या दोन दिशांनी झाल्या. एक दिशा आयोजकाच्या उत्तरदायित्वाची. कुंपणांचे कठीण लाकडी गाभे बदलण्यात आले, उडीनंतरची जमीन कमी उताराची करण्यात आली आणि २०२४ पासून ग्रँड नॅशनलमध्ये धावणाऱ्या घोड्यांची संख्या ४० वरून ३४ करण्यात आली. दुसरी दिशा स्वाराच्या उत्तरदायित्वाची. शर्यतीत घोडा पडल्यावर त्याच्यावर पुन्हा बसून शर्यत पुरी करण्यास २००९ मध्ये मनाई झाली. पूर्वी तो मर्दुमकीचा प्रकार मानला जाई. चाबकाच्या फटक्यांवर मर्यादा आली. २०२३ मध्ये अंमलात आलेल्या नियमांनी सपाट शर्यतीत सहा व अडथळ्यांच्या शर्यतीत सात फटक्यांची सीमा घातली. मर्यादेपेक्षा चार अगर अधिक फटके जास्त मारल्यास घोडाच शर्यतीतून बाद ठरतो.

या शेवटच्या तरतुदीचे मर्म नीट पाहावे. तोपर्यंत जॉकीला दंड होई, काही दिवस घोड्यावर बसण्यास बंदी होई. पण जिंकलेली शर्यत जिंकलेलीच राही. मोठ्या इनामापुढे तो दंड म्हणजे व्यापारातील एक खर्च ठरे. निकालच हातचा जाऊ लागला, तेव्हा मालक, प्रशिक्षक व पैज लावणारा, अशा सर्वांचे हित स्वाराचा हात आवरण्यात गुंतले. बारगिराला जे स्वतःहून वाटत नव्हते, ते नियमाने त्याच्या भोवतालच्यांना वाटावयास लावले. तेवढ्याने अडथळ्यांची शर्यत निर्धोक झाली असे मुळीच नाही. घोडे आजही पडतात आणि ही शर्यतच असू नये असे म्हणणारा पक्ष तेथे प्रबळ आहे. परंतु इजेचे उत्तर कोणाकडे मागावयाचे, याविषयी मात्र तेथे संदिग्धता राहिलेली नाही.

५

आपल्याकडील कायद्याचा प्रवास याच दृष्टीने तपासून पाहू. ब्रिटिश हिंदुस्थानात १८९० च्या कायद्याने सार्वजनिक जागी जनावराला निर्दयपणे व विनाकारण मारणे, त्याला प्रमाणाबाहेर हाकणे अगर त्याच्यावर प्रमाणाबाहेर ओझे लादणे हा गुन्हा ठरविला. स्वातंत्र्यानंतर श्रीमती रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत या विषयाला चालना दिली आणि १९६० मध्ये प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा झाला. या कायद्याच्या अकराव्या कलमात एक दूरदृष्टीची तरतूद आहे. मालकाने योग्य काळजी व देखरेख ठेवली नाही, तर गुन्हा त्यानेच केला असे मानले जाईल. चिपळूणच्या पत्रातील तत्त्वच येथे आधुनिक कायद्याच्या भाषेत आले आहे. मात्र पहिल्या गुन्ह्याला ठरविलेला दंड दहा ते पन्नास रुपयांचा. पुढे १९६५ मध्ये ओझ्याच्या व गाडीच्या जनावरांविषयी नियम झाले. अणकुचीदार काठी, काटेरी लगाम अगर खिळ्यांचे जू वापरण्यास त्यांनी मनाई केली. म्हणजे तुतारीच्या टोकाची आर ही शंकरपटाचा वाद न्यायालयात जाण्याच्या कितीतरी आधीपासून बेकायदेशीर आहे. ती वापरणे पुष्कळ काळ चालू राहिले, कारण विचारणारा कोणी नव्हता.

११ जुलै २०११ रोजी केंद्र सरकारने खेळासाठी अगर प्रदर्शनासाठी वापरण्यास मनाई असलेल्या प्राण्यांच्या यादीत बैलाचा समावेश केला. अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या व सिंह यांच्या पंक्तीत बैल गेला. घोडा त्या यादीत नव्हता. घोड्याच्या शर्यती चालू आणि बैलाच्या बंद, ही विसंगती वऱ्हाडातील शेतकऱ्याला फार बोचली. ७ मे २०१४ रोजी न्या. राधाकृष्णन व न्या. घोष यांच्या पीठाने नागराजा खटल्यात जलिकट्टू व बैलांच्या शर्यती बेकायदेशीर ठरविल्या. भूक-तहान, अस्वास्थ्य, वेदना-रोग व भीती यांपासून मुक्तता आणि स्वाभाविक वर्तनाची मोकळीक, या पाच गोष्टी जनावरांना मिळाल्या पाहिजेत, असे न्यायालयाने म्हटले.

त्यानंतर २०१७ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने केंद्रीय कायद्यात राज्यापुरती दुरुस्ती केली व तिला राष्ट्रपतींची संमती मिळाली. परंतु त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शर्यतींना परवानगी देण्यास मज्जाव केला. १६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम परवानगी दिली आणि १८ मे २०२३ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तामिळनाडू, कर्नाटक व महाराष्ट्र यांच्या दुरुस्त्या वैध ठरविल्या.

महाराष्ट्राच्या दुरुस्तीतील व्याख्या भाषेच्या अभ्यासकाने मुद्दाम पाहावी अशी आहे. बैलगाडा शर्यत, छकडी व शंकरपट ही तिन्ही लोकनामे कायद्याच्या मजकुरात आली, ही आनंदाची गोष्ट आहे. तिच्यातच ही शर्यत गाडीवानासह अगर गाडीवानाशिवाय होऊ शकते असेही म्हटले आहे. याचे कारण उघड आहे; राज्याच्या निरनिराळ्या भागांत खेळाच्या रीती भिन्न आहेत. पुणे जिल्ह्याच्या घाटांत बैलांच्या पुढे घोडीस्वार धावतो, तर वऱ्हाडात छकड्यावर धुरकरी असतो. पण परिणाम असा झाला की, हाकणारा हा व्याख्येतील ऐच्छिक घटक ठरला. परवानगी मागणारा, अटी स्वीकारणारा व अटी मोडल्यास पाच लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची अगर तीन वर्षांपर्यंतच्या कैदेची टांगती तलवार डोक्यावर घेणारा मुख्यतः आयोजकच. जनावर ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याला वेदना देऊ नये, अशी अट आहे. जिल्हाधिकाऱ्याची पूर्वपरवानगी, पशुवैद्यकीय तपासणी, हजार मीटरांची मर्यादा आणि काठी, चाबूक व विजेचा धक्का यांना मनाई, हेही नियमांत आले आहे. घटनापीठाने तर या अटींच्या काटेकोर पालनाबद्दल जिल्हाधिकाऱ्यांना जबाबदार धरले. आयोजक व अधिकारी, असे दोन टोकांचे उत्तरदायी अशा रीतीने निश्चित झाले. मधला धुरकरी मात्र निनावी राहिला.

६

तो निनावी राहिल्याने काय बिघडते, असे कोणी विचारील. बिघडते ते असे. पट हा काही सेकंदांचा खेळ आहे. सुरुवातीला झेंडी दाखविणारा असतो, शेवटी वेळ मोजणारा असतो. मधल्या पट्ट्यावर काय घडले, याची नोंद करणारा नियमाने नेमलेला पंच बहुधा नसतो. शेपटीला पीळ दिला, मुठीत लपविलेली आर टोचली, दमलेली जोडी पुन्हा जुंपली, या गोष्टी सेकंदांत मोजल्या जात नाहीत. उलट सेकंद कमी करण्याचे ते उपाय होत. ज्या कृत्याने जनावराला इजा होते, त्याच कृत्याने इनाम मिळते, ही या खेळाची खरी अडचण आहे. अशा वेळी आयोजकावरचा मोठा दंड दूरचा वाटतो आणि इनाम जवळचे.

बैल घोड्यापेक्षा या बाबतीत अधिक असहाय आहे. तो रवंथ करणारा प्राणी. भरल्या कोठ्याने पळविल्यास त्याच्या श्वासाची ओढाताण होते. दुभंगलेल्या खुरांवर एकदम थांबताना अगर वळताना भार येतो. त्यातही तो जोडीने जुंपलेला. घोडा एकटा पडतो. पटातला बैल अडखळला, तर जुवाने बांधलेला त्याचा जोडीदारही ओढला जातो. म्हणून शर्यतीपूर्वीच्या तपासणीइतकीच शर्यतीनंतरची तपासणी महत्त्वाची ठरते. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपण माणसांच्या व्यवहारात इतकी वापरतो की, तिच्यात एक खराखुरा बैल आहे हेच विसरतो.

इतिहासाचा अभ्यास उपाय सांगण्यासाठी नसतो. तथापि त्यातून काही दिशा सुचतात, त्या नोंदविणे अनुचित होणार नाही. मुघलांच्या व त्यानंतर मराठ्यांच्या लष्करांत घोड्याचा रंग व खुणा टिपून हजिरी घेण्याची रीत होती. तद्वत प्रत्येक धावेच्या नोंदीत जोडीबरोबर धुरकऱ्याचे नावही लिहिले जावे व त्याच्या मागील दोषांची माहिती पुढच्या पटाला मिळावी. दर पंचवीस घोड्यांमागे जसा एक नालबंद व एक पखालजी होता, तसे पटावरील जोड्यांच्या संख्येच्या प्रमाणात पशुवैद्य, पाणी व सावली यांचे मान ठरावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, टोचणी अगर मार सिद्ध झाल्यास ती धावच रद्द समजावी. वेळ गेली, इनाम गेले. पन्नास रुपयांच्या दंडाने किंवा पाच लाखांच्या भीतीने जे साधणार नाही, ते याने साधण्याचा संभव अधिक आहे. कारण मग मालक स्वतःच धुरकऱ्याचा हात धरील.

हा खेळ राहावा की जावा, हा निर्णय समाजाने व विधिमंडळाने करावयाचा आहे, असे घटनापीठाने म्हटले आणि सध्या तरी तो राहावा असा निर्णय झाला आहे. ज्यांना तो टिकावा असे वाटते, त्यांच्यावरच त्यामुळे अधिक भार येतो. पारंपरिक शेतकरी जोडीला जपत असे, तो काही कायद्याच्या धाकाने नव्हे. जोडी त्याची होती म्हणून. आता जोडी दुसऱ्याची झाली, तेव्हा ते जपणे नियमात उतरवले पाहिजे. मराठीने ओझ्याच्या जनावराचे नाव स्वाराला दिले, जुवाच्या बैलाची धुरा पुढाऱ्याला दिली. नावाबरोबर भारही हस्तांतरित होतो, एवढे वऱ्हाडातील पट भरविणाऱ्या मंडळांनी व धुरकऱ्यांनी मान्य केले, तर पोळ्याच्या आदल्या दिवशी शेकलेल्या खांद्याला आणि पटाच्या दिवशी जू ठेवलेल्या खांद्याला एकच न्याय मिळेल.